वस्त्रकचऱ्याचे प्रदर्शन: ढिगारा दाखवायचा की धागा?

कपड्यांचा कचरा हा विषय आता पर्यावरण अभ्यासाच्या सक्तीच्या पेपरापासून फॅशन डिझाइनच्या स्टुडिओपर्यंत पोहोचला आहे. ‘या विषयावर एक शैक्षणिक प्रदर्शन तयार करा’ हा गटप्रकल्पही अनेक महाविद्यालयांत दिला जातो. या टिपणात आपण अशा प्रदर्शनांकडे समीक्षकाच्या नजरेने पाहणार आहोत. लंडनमधली तीन प्रदर्शने, पानिपतवरचा एक लघुपट आणि आपल्या महाविद्यालयीन प्रदर्शनांचा ठरून गेलेला साचा, एवढे साहित्य समोर ठेवले आहे. लंडनच्या प्रदर्शनांविषयीचे विवेचन आयोजकांनी प्रसिद्ध केलेला मजकूर आणि छायाचित्रे यांवर आधारलेले आहे. माझे मत आधीच सांगतो. यांतली बरीच प्रदर्शने प्रेक्षकाला लाजवतात, पण शिकवत नाहीत. कारण ती नवा कपडा दाखवतात, कचऱ्याचा ढीग दाखवतात, आणि या दोहोंमध्ये धाग्याचे काय होते ते मात्र गाळून टाकतात.

आधी आपला साचा पाहू. दाराशी जुन्या कपड्यांचा ढीग. मागे चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या कपड्यांच्या डोंगराचे मोठे छायाचित्र. पुढे चार-पाच फलक: एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागते, फॅशन हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा प्रदूषक उद्योग आहे, जगातले २० टक्के जलप्रदूषण कापड रंगवण्यातून होते. मग जुन्या जीन्सच्या पिशव्या, चिंध्या गुंडाळलेल्या बांगड्या, साडीचे पडदे. बाहेर पडताना कागदी पानांचा ‘शपथवृक्ष’, ज्यावर ‘मी कमी कपडे घेईन’ असे लिहून पान टांगायचे. स्पर्धांचा परीक्षक म्हणून हा साचा इतक्या वेळा पाहिला आहे की फलकांचा क्रमही पाठ झाला आहे. मुलांची मेहनत खरी असते, रात्र-रात्र जागलेली असतात. म्हणूनच वाटते की एवढी मेहनत योग्य ठिकाणी लागावी.

आकड्यांचे फलक

२,७०० लिटर पाण्याचा आकडा खोटा नाही. पण फलकावर तो ज्या तुलनेसह येतो, ‘म्हणजे एका माणसाचे अडीच वर्षांचे पिण्याचे पाणी’, ती तुलना दिशाभूल करणारी आहे. पाण्याचा पदचिन्ह-हिशेब तीन प्रकारचे पाणी एकत्र मोजतो: पिकाने वापरलेले पावसाचे पाणी, सिंचनाचे पाणी आणि प्रदूषण सौम्य करायला लागेल असे धरलेले पाणी. विदर्भातला कापूस बहुतांशी कोरडवाहू आहे. त्याने शोषलेला पाऊस कुणाच्या हंड्यातून काढून घेतलेला नाही, कापूस नसता तर त्याच शेतात तुरीने किंवा सोयाबीनने तो शोषला असता. कालव्याच्या किंवा बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या कापसाचा प्रश्न मात्र वेगळा आणि गंभीर आहे. दोन्ही एकाच आकड्यात घातले की प्रश्नाचा कणाच नाहीसा होतो.

यात आणखी एक गंमत आहे आणि ती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने हेरायला हवी. वॉटर फूटप्रिंट नेटवर्कच्या मांडणीनुसार सुती कापडाची जागतिक सरासरी किलोमागे साधारण १०,००० लिटर आहे, आणि भारताचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त. आपला कापूस जास्त तहानलेला आहे असे यावरून वाटेल. पण किलोमागचा आकडा म्हणजे भागाकार. आपले हेक्टरी उत्पादन जागतिक सरासरीपेक्षा बरेच कमी असल्यामुळे छेद लहान होतो आणि उत्तर फुगते. ‘२,७०० लिटर’ एवढेच लिहिण्यापेक्षा हा भागाकार फलकावर मांडला तर प्रेक्षक कापसाबद्दल, शेतीबद्दल आणि आकड्यांबद्दल, तिन्हींबद्दल काही शिकेल.

‘दुसऱ्या क्रमांकाचा प्रदूषक उद्योग’ या वाक्याची गोष्ट वेगळी. २०१७ च्या सुमारास काही पत्रकारांनी त्याचा उगम शोधायचा प्रयत्न केला, पण मुळाशी भक्कम अभ्यास सापडला नाही. एक अहवाल दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि शेवटी साखळी हवेत सुटते. जलप्रदूषणाच्या २० टक्क्यांचीही हीच अवस्था. कार्बन उत्सर्जनात वस्त्रोद्योगाचा वाटा किती, यावर प्रतिष्ठित संस्थांचे अंदाज सुमारे २ टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. इतका फरक पडतो तो हिशेबाची सीमा कुठे आखली यावरून: पादत्राणे धरली का, दुकानापर्यंतची वाहतूक धरली का, घरातली धुलाई-इस्त्री धरली का. हा पसारा फलकावर तसाच दाखवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. दोन टोकांचे दोन आकडे आणि मध्ये सीमारेषा. विद्यार्थी म्हणतात, ‘सर, लोक गोंधळतील.’ थोडे गोंधळू द्यावेत. प्रदर्शनाला शैक्षणिक म्हणायचे असेल तर एवढा धोका पत्करावा लागतो.

कोणाचा कचरा?

माझा मोठा आक्षेप अटाकामाच्या छायाचित्राला आहे. ते खरे आहे. इकिके बंदरात उतरणाऱ्या वापरलेल्या आणि न विकल्या गेलेल्या कपड्यांपैकी जे कुणी उचलत नाही ते आल्टो ओस्पिसिओच्या वाळवंटात जाऊन पडते. चिलीतल्या प्रदर्शनात त्याला पहिली जागा मिळायलाच हवी. पण भारतातल्या प्रदर्शनाच्या दाराशी ते टांगले की आपला प्रश्न तसाच आहे असा समज होतो, आणि आपला प्रश्न तसा नाही.

फॅशन फॉर गुड या संस्थेने २०२२ मध्ये भारतातल्या वस्त्रकचऱ्याची पाहणी प्रसिद्ध केली. त्यानुसार आपल्याकडे दरवर्षी सुमारे ७८ लाख टन वस्त्रकचरा जमा होतो. त्यातला ५१ टक्के देशातल्या घरांतून येतो, ४२ टक्के कारखान्यांतून, म्हणजे कपडा गिऱ्हाईकाच्या अंगावर चढण्याआधीच तयार होतो, आणि आयात झालेला फक्त ७ टक्के. एकूण कचऱ्यापैकी ५९ टक्के पुनर्वापर किंवा पुनर्चक्रण होऊन पुन्हा उद्योगात फिरतो.

हे आकडे समोर ठेवून साच्याकडे पुन्हा पाहा. ४२ टक्के कचरा गिरणीत, विणकामात, कटिंग टेबलावर तयार होतो. कापडाच्या थरांवर मार्कर कितीही काटेकोर बसवला तरी काखेच्या आणि गळ्याच्या गोलाईभोवती कातरण उरतेच. त्यासाठी शपथवृक्षावर पान कोणी टांगायचे? प्रेक्षकाच्या कपाटाला एकटे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे प्रदर्शन जवळजवळ निम्मी गोष्ट गाळते. आणि ते ५९ टक्के कोणाच्या हातांनी फिरतात, हा प्रश्न तर विचारलाच जात नाही.

महाराष्ट्रात हे हात सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण आजी-आईच्या पिढीने दारात पाहिली आहे. तीन साड्यांवर डबा द्यायचा की चार, यावर चाललेली घासाघीसही पाहिली आहे. दिल्लीत हाच व्यापार गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजातल्या बायका करतात, आणि रघुबीर नगरच्या बाजारात भल्या पहाटे जुन्या कपड्यांचे सौदे होतात. मानववंशशास्त्रज्ञ लूसी नॉरिस यांनी या साखळीचा अभ्यास करून २०१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आपल्या प्रदर्शनांत मात्र ‘सर्क्युलर इकॉनॉमी’चे गोल बाण दिसतात आणि त्या बाणाच्या जागी प्रत्यक्षात चालणारी, गाठोडे डोक्यावर घेतलेली बाई दिसत नाही.

लंडनची तीन प्रदर्शने

नॉरिस यांच्या कामाशी जोडलेले ‘एव्हरीथिंग मस्ट गो’ हे प्रदर्शन जानेवारी २०१२ मध्ये लंडनच्या बार्जहाउस या जुन्या गोदामवजा इमारतीत भरले होते. ब्रिटनमध्ये टाकून दिलेल्या कपड्यांचा भारतापर्यंतचा प्रवास हा त्याचा विषय. याच संशोधनाशी नाते असलेला मेघना गुप्ता यांचा ‘अनरॅव्हल’ हा लघुपट चौदा-एक मिनिटांचा आहे आणि तो वर्गात जरूर दाखवावा. पानिपतच्या कारखान्यात परदेशी कपडे कापणाऱ्या, बटणे आणि चेन काढणाऱ्या स्त्रिया त्यात बोलतात. जवळजवळ नवे कपडे त्या लोकांनी का टाकले असतील, याचा त्या अंदाज बांधतात: तिकडे पाणी फार महाग असावे, धुणे परवडत नसावे, म्हणून दोन-चारदा घालून फेकत असतील.

प्रदर्शनाच्या दृष्टीने या अंदाजाचे मोल मोठे आहे. पाण्याच्या लिटरांचे फलक जे करू शकले नाहीत ते इथे सहज होते. नेहमी प्रेक्षक कामगाराकडे पाहत असतो, इथे कामगार प्रेक्षकाकडे पाहते आणि त्याच्या वागण्याचे स्पष्टीकरण शोधते. ती दीन म्हणून समोर येत नाही. ती हसते, तर्क करते, आणि हातातला कपडा कशाचा आहे हे तिला आपल्यापेक्षा चांगले कळते.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे ‘फॅशन्ड फ्रॉम नेचर’ (एप्रिल २०१८ ते जानेवारी २०१९) हे फार मोठ्या आवाक्याचे प्रदर्शन. सतराव्या शतकापासून आजवर कपड्यासाठी निसर्गातून काय काय घेतले गेले याची ती मांडणी होती. शेकडो भुंगेऱ्यांच्या हिरव्या चमकदार पंखकवचांनी भरलेला १८६० च्या दशकातला मलमलीचा पोशाख, पक्ष्यांच्या खऱ्या डोक्यांची कर्णभूषणे, आणि दुसऱ्या टोकाला एमा वॉटसनने २०१६ च्या मेट गालात घातलेला, बाटल्यांपासून बनवलेल्या धाग्याचा पोशाख. फॅशनने निसर्ग ओरबाडणे ही कालपरवाची गोष्ट नाही, हे या वस्तू एकही आकडा न सांगता पटवतात. ही त्या प्रदर्शनाची ताकद. पण सगळे काचेआड. आणि कापडाबद्दलचे बरेचसे ज्ञान बोटांतून येते. शिवाय या प्रदर्शनाचे प्रायोजक होते अळशी आणि हेंप यांच्या युरोपीय उत्पादकांचा महासंघ. संग्रहालयाने हे लपवले नव्हते. तरीही लिनन आणि हेंप यांची ‘चांगले धागे’ म्हणून ओळख करून देणारा मजकूर वाचताना पैसा कोणाचा हे ध्यानात असावे. तुमच्या प्रदर्शनालाही एखाद्या ब्रँडने पैसे दिले तर त्याच ब्रँडच्या ‘जुने कपडे परत करा’ पेटीला सर्वांत चांगली जागा मिळते का, हे तपासून पाहा.

तिसरे म्हणजे डिझाइन म्युझियमचे ‘वेस्ट एज’ (ऑक्टोबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२). विषय सर्वच प्रकारच्या कचऱ्याचा, कपडे त्यातला एक भाग. मला त्यातली रचनेपेक्षा एक कृती महत्त्वाची वाटते: प्रदर्शनाने स्वतःचा हिशेब मांडला. आतल्या भिंतींसाठी न भाजलेल्या मातीच्या विटा वापरल्या, प्रदर्शनाच्या कार्बनची मोजणी करवून घेतली, आणि पुढे प्रदर्शने कमी हानिकारक कशी करावीत याची मार्गदर्शिकाही त्या संग्रहालयाच्या सहभागाने निघाली.

आता आपल्या सभागृहात या. वस्त्रकचऱ्याचे प्रदर्शन जाहीर करणारा फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या विणलेल्या जाळीवर पीव्हीसीचा थर. दोन पॉलिमर एकमेकांना घट्ट चिकटलेले, वेगळे करायला अवघड, पुनर्चक्रणाला जवळजवळ नालायक. मिश्र वस्त्रकचऱ्याचा इतका चांगला नमुना प्रदर्शनात दुसरा नसतो आणि त्यावरच ‘से नो टू फास्ट फॅशन’ छापलेले असते. खाली स्वयंसेवकांचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट, कार्यक्रमाचे नाव आणि तारीख छापलेले, म्हणून दुसऱ्यांदा घालण्याची शक्यता कमीच. मी कोणाची टर उडवत नाही. हा फ्लेक्स उतरवून टेबलावर ठेवा, एक कोपरा उसवून जाळी आणि थर दाखवा, तोच पहिला प्रदर्शनीय नमुना करा.

टेबलावर काय ठेवावे

एखाद्या गटाने एकच गोष्ट करायची ठरवली तर मी वर्गीकरणाचे टेबल सुचवेन. तळहाताएवढे वीस तुकडे, मागे क्रमांक. लोकर, लोकरीसारखा दिसणारा ॲक्रिलिक, शुद्ध सुती, पॉलिकॉटन, व्हिस्कोस, पॉलिएस्टर, स्पँडेक्स घातलेली जीन्स. प्रेक्षकाने एक मिनिटात चार टोपल्यांत वाटणी करायची. बरेच जण ॲक्रिलिकला लोकर म्हणतील आणि व्हिस्कोसला रेशीम नाहीतर सुती. मग बाजूच्या फलकावर प्रत्येक क्रमांकाचा प्रयोगशाळेत जाळलेला नमुना चिकटवलेला: सुतीची मऊ राखाडी राख, लोकरीचा बोटाने चुरडला जाणारा काळा गोळा, पॉलिएस्टरचा वितळून झालेला कडक मणी. सभागृहात काही पेटवू नये, हे सांगायला नको. एका मिनिटात आपण किती चुकलो हे पाहिल्यावर, पानिपतमध्ये दिवसभर बसून हेच काम करणाऱ्या माणसाच्या कौशल्याबद्दल वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

दुसरा टप्पा तंतूच्या लांबीचा. नव्या कापसाचा पुंजका आणि फाडून पिंजलेल्या कापडाचा पुंजका, दोन्ही काळ्या कागदावर, शेजारी मिलिमीटरची पट्टी. कापसाचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर भरतो. कपडा खिळ्यांच्या रुळावर फाडून पुन्हा तंतू केला की तो तुटून आखूड होतो. प्रेक्षकाला दोन्हींतून चिमूट घेऊन पीळ द्यायला सांगा. एकाचा दोरा होतो, दुसरा लगेच सुटतो. जुन्या टी-शर्टपासून तसाच नवा टी-शर्ट का होत नाही, का त्यात नवा तंतू मिसळावा लागतो किंवा त्याचे पायपुसणे, सतरंजी, घोंगडी होते, हे बोटांना कळते. शॉडी नावाचे हे तंत्र इंग्लंडमधल्या यॉर्कशरमधल्या बॅटली गावी १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉने सुरू केले. पानिपतमध्ये ते आजही चालते. कपडे आधी रंगांनुसार वेगळे करतात, म्हणजे धागा पुन्हा रंगवावा लागत नाही. पाणी आणि रसायन दोन्ही वाचवणारी ही युक्ती एखाद्या स्टार्टअपने मांडली असती तर तिला पारितोषिक मिळाले असते. पण त्याच कारखान्यांत हवेत तंतूंची धूळ असते, आणि ती आत ओढणाऱ्या माणसाला त्या वाचलेल्या पाण्याचे श्रेय मिळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच फलकावर याव्यात. फक्त पहिली लिहिली तर जाहिरात होते, फक्त दुसरी लिहिली तर कणव.

जुन्या जीन्सच्या पिशव्यांबद्दलही बोलले पाहिजे, कारण प्रत्येक प्रदर्शनात त्या असतात. वाकळ, बंगालची कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी, ही जुन्या कपड्याला थरांत शिवून पुन्हा वापरात आणणारी तंत्रे आहेत. थर, टाका आणि अस्तर यांमागे टिकाऊपणाचा विचार आहे. पिशवी वाईट नाही. पण ती किती दिवस वापरली जाईल, तिने कोणती नवी पिशवी वाचवली, हे विचारल्याशिवाय तिला ‘अपसायकलिंग’ म्हणणे म्हणजे कचऱ्याला आठवडाभराची मुदतवाढ देणे. वाकळीचा एक कोपरा उसवून आतले थर मोजता येतील असा ठेवला, तर पन्नास पिशव्यांपेक्षा जास्त शिकवेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ढीग आणि धक्कादायक आकडा नसेल तर लोक थांबतच नाहीत. २०१५ मध्ये बर्लिनच्या आलेक्झांडरप्लात्झमध्ये फॅशन रिव्होल्यूशन या चळवळीने दोन युरोत टी-शर्ट देणारे यंत्र ठेवले होते. नाणे टाकले की आधी तो शिवणाऱ्या कामगारांच्या परिस्थितीची फीत दिसे, मग प्रश्न: टी-शर्ट घ्यायचा की पैसे दान करायचे? बहुतेकांनी दान निवडले असे त्या उपक्रमाच्या चित्रफितीत दाखवले आहे. लोकांना थांबवण्याची ती युक्ती अप्रतिम होती. पण भर चौकात, कॅमेऱ्यासमोर दिलेले उत्तर आणि पुढच्या शनिवारी दुकानात केलेली खरेदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शपथवृक्षाचे दुखणेही तेच. प्रदर्शनाचा परिणाम मोजायचाच असेल तर आत येताना आणि बाहेर जाताना एकच प्रश्न विचारा, जसे की ‘या तुकड्यातून पुन्हा काय होऊ शकेल?’, आणि उत्तरांची तुलना करा. एका मित्राला घड्याळ देऊन प्रत्येक टेबलापाशी लोक किती सेकंद थांबतात तेही नोंदवायला लावा.

ढीग ठेवायचाच असेल तर तो तुमचा असावा. वसतिगृहात महिनाभर टाकून दिलेले कपडे गोळा करा, आजूबाजूच्या दोन शिंप्यांकडची आठवड्याची कातरण वेगळ्या पोत्यात मागून आणा, आणि दोन्हींचे वजन करा. घालण्याजोगे किती, एका टाक्यात दुरुस्त होणारे किती, एकाच धाग्याचे किती, मिश्र किती, हे किलोत लिहा. नमुना लहान आहे, वसतिगृह म्हणजे शहर नव्हे, हेही फलकावर लिहा. हा आकडा जगाला हादरवणार नाही. पण तो कसा मोजला असे कोणी विचारले तर गटातल्या प्रत्येकाला उत्तर देता येईल.

शेवटचा फलक उद्घाटनाच्या दिवशी कोरा ठेवावा. प्रदर्शन संपल्यावर ढिगाचे काय झाले, बोहारणीने किती उचलले, भंगारवाल्याने कोणता भाव दिला, गोधडी शिवणाऱ्या बाईंनी कोणते कापड नाकारले आणि का, किती किलो कुणीच घेतले नाही, हे पुढच्या दोन आठवड्यांत त्यावर भरायचे आणि तो फलक विभागाच्या व्हरांड्यात लावायचा. फ्लेक्सचे वजनही त्याच यादीत.